कोकणात महामार्गालगत विमानाचे उपाहारगृह उभारताना

निवृत्त विमान विकत घेऊन त्यात उपाहारगृह थाटण्याचा विचार करणाऱ्याने आधी विमान पाहायला जाऊ नये, जागा आणि रस्ता पाहावा. लिलावात येणाऱ्या विमानाची इंजिने आणि कॉकपिटमधली उपकरणे बहुधा आधीच काढून विकलेली असतात, कारण मोल असते ते त्यांनाच. उरतो तो सांगाडा. खरा खर्च त्यानंतर सुरू होतो, आणि पाऊस, खारी हवा व घाटरस्ते यांमुळे कोकणात तो देशावरच्यापेक्षा अधिक होतो.

जागा निवडताना सातबाऱ्यावरची सामाईक खातेदारांची नावे प्रथम वाचावीत. मुंबईत राहणाऱ्या एखाद्या चुलतभावाची संमती राहून गेली, तर सांगाडा ट्रेलरवरच पडून राहील. बिनशेती परवानगी आणि महामार्गावरून आत येण्याच्या वाटेची परवानगी या दोन्ही लागतात. समुद्र दिसेल अशी जागा हवी असल्यास किनारा नियमन क्षेत्राची २०१९ ची अधिसूचना पाहावी लागते, कारण ग्रामीण भागात भरतीरेषेपासून वस्तीच्या दाटीनुसार ५० किंवा २०० मीटरपर्यंतचा पट्टा बांधकामासाठी वर्ज्य आहे. विमान ही इमारत नसून ठेवलेली वस्तू आहे, असा युक्तिवाद काही जण करतात. पाया, जिने, शौचालय आणि सांडपाण्याची टाकी आली की त्यात दम राहत नाही.

मद्य विकायचे असेल, तर गणित आणखी बदलते. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०१६ च्या निकालाने राष्ट्रीय व राज्य महामार्गाच्या कडेपासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्रीला बंदी घातली. मार्च २०१७ मध्ये वीस हजारांपर्यंत लोकसंख्येच्या स्थानिक संस्थांसाठी हे अंतर २२० मीटर करण्यात आले आणि त्यानंतर आणखी काही सवलती मिळाल्या. निवडलेल्या जमिनीच्या गटाला यांतले काय लागू होते, हे राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून लेखी घ्यावे आणि परमिट रूमचा हिशेब त्यानंतरच मांडावा. माझ्या मते, केवळ जेवणावर चालणार नाही असा बेत महामार्गालगत मांडूच नये.

वाहतुकीचा विचार मात्र फुरसतीने करावा, कारण फजिती बहुतेक वेळा इथेच होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये हैदराबादच्या एका उपाहारगृहासाठी केरळमधून निघालेले विमान आंध्र प्रदेशातील बापटला जिल्ह्यात भुयारी मार्गात अडकले, तर डिसेंबर २०२३ मध्ये मुंबईहून आसामकडे नेले जाणारे विमान बिहारमधील पिपराकोठी येथे पुलाखाली अडकले. एअरबस ए-३२० या विमानाची लांबी ३७.५७ मीटर आणि धडाची रुंदी ३.९५ मीटर असते. पंख उतरवले तरी ट्रेलरवरची एकूण उंची पाच मीटरांपलीकडे जाते. एटीआर-७२ हे त्यामानाने २७ मीटर लांब आणि तीन मीटरपेक्षा किंचित कमी रुंद असते, म्हणून कोकणासाठी मी तेच सुचवीन. सिंधुदुर्गातील चिपी विमानतळावर २०२१ मध्ये पहिली प्रवासी सेवा याच जातीच्या विमानाने सुरू झाल्यामुळे तळकोकणातल्या गिऱ्हाइकाला ते ओळखीचेही वाटेल.

मार्गाची पाहणी स्वतः मोजपट्टी घेऊन करावी. पुलांखालची उंची, महावितरणच्या तारा, गावातल्या मोऱ्या आणि शेवटच्या किलोमीटरमधली वळणे टिपून ठेवावीत. कशेडी घाटाला आता बोगद्याचा पर्याय आहे, परंतु तिथेही उंची गृहीत धरू नये. करूळ, फोंडा किंवा आंबा घाटाने अखंड धड उतरवण्याचा विचारच सोडून द्यावा. विमान मूळ जोडांवर, रिव्हेट काढून, तुकड्यांत सुटे करून घ्यावे. कोस्टा रिकातील मान्वेल अँटोनिओ येथे सी-१२३ जातीच्या मालवाहू विमानाभोवती उभारलेल्या प्रसिद्ध उपाहारगृहासाठीही विमान तुकड्यांतच आणले गेले. गणेशोत्सवात महामार्गावर अवजड वाहनांना बंदी असते, त्यामुळे दिवाळीनंतरचा मुहूर्त धरलेला बरा.

सांगाडा सुटा करण्यापूर्वी विक्रेत्याकडून तो निर्धोक केल्याचा दाखला घ्यावा. प्रवाशांच्या डोक्यावरील रासायनिक प्राणवायू जनित्रे, आपत्कालीन घसरगुंड्या फुगवणारी दाबाखालील वायूची नळकांडी आणि अग्निशामक बाटल्यांमधील स्फोटक काडतुसे आत राहिली असतील, तर गॅसकटर लावणाऱ्या कामगाराच्या जिवावर बेतू शकते. १९९६ मधील व्हॅल्यूजेट या अमेरिकी कंपनीच्या विमान अपघाताचे मूळ अशाच जनित्रांत होते.

पाया जांभ्याच्या कातळावर मिळाला तर उत्तम; भाताच्या खाचरात भराव टाकून विमान ठेवू नये. काँक्रीटच्या खांबांवर लोखंडी पाळणे बसवून त्यांवर धड टेकवताना ॲल्युमिनियम आणि लोखंड यांचा थेट स्पर्श कुठेही होता कामा नये, कारण खाऱ्या ओलाव्यात दोन धातूंमध्ये विद्युतरासायनिक क्रिया होऊन ॲल्युमिनियम झिजते. मध्ये जाड निओप्रिन रबराच्या गाद्या घालाव्यात. धडाच्या पोटाला पाणी निचरण्याची छिद्रे असतात आणि रंगारी ती हमखास बुजवतात; ती मोकळी ठेवावीत. भिंतीतील उष्णतारोधक गाद्या पाणी धरून ठेवतात व आतून बुरशी आणि गंज दोन्ही वाढवतात, म्हणून त्या सगळ्या काढून टाकाव्यात.

वाऱ्यालाही कमी लेखू नये. ३ जून २०२० रोजी अलिबागजवळ धडकलेल्या निसर्ग वादळात ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने वारे वाहिले. पंख आणि उभी शेपटी हीच वाऱ्याला पकड देणारी अंगे आहेत; पंखांची बाहेरची टोके न लावणे आणि धड पायाशी पोलादी पट्ट्यांनी बांधणे, ही कामे संरचना अभियंत्याच्या हिशेबानेच करावीत.

राहिला प्रश्न बसण्याचा. मे महिन्यात ॲल्युमिनियमचे धड तव्यासारखे तापते, खिडक्या उघडत नाहीत आणि विमानाची मूळ वातानुकूलन यंत्रणा इंजिनाच्या हवेवर चालणारी असल्यामुळे इथे निरुपयोगी ठरते. म्हणून आत दहाबारा टेबले ठेवून बाकीची मंडळी बाहेर मंगलोरी कौलांच्या पडवीत बसवावी, हे मला अधिक शहाणपणाचे वाटते. मान्वेल अँटोनिओलाही जेवणाची मुख्य बैठक विमानाबाहेरच आहे. विजेचे बिल आटोक्यात राहते आणि श्रावणातही धंदा चालतो. स्वयंपाकघर व शौचालये वेगळ्या इमारतीत असावीत. विमानातली गॅली, म्हणजे खानपानाचा कोपरा, फक्त अन्न गरम करण्यापुरती असते आणि धडात गॅसची टाकी नेणे धोक्याचे आहे. दोन्ही टोकांना रुंद जिने बांधून अग्निशमन विभागाचा दाखला घ्यावा. अन्न परवाना इतर कोणत्याही हॉटेलसारखाच लागतो.

पाऊस सुरू होण्याआधी एकदा आणि दसऱ्याच्या सुमारास एकदा संपूर्ण धड गोड्या पाण्याने धुऊन, निचऱ्याची छिद्रे तारेने मोकळी करून, रंगाखाली फुगलेले फोड खरवडून तिथे प्रायमर लावावा. फोड दाबल्यावर आतून पांढरी भुकटी निघाली, तर तेवढा पत्रा बदलावा.