हिंसक गोष्ट की खरी धमकी? या चुका टाळा

मुलाच्या वहीत रक्त दिसलं की मोठी माणसं हादरतात, आणि रक्त नसलं की निर्धास्त होतात. शाळांमध्ये समुपदेशक म्हणून काम करताना ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की आता सरळच सांगते: रक्त मोजू नका. नाव, दिवस, जागा आणि हत्यार शोधा.

एका शाळेत आठवीतल्या मुलाने अकरा पानी गोष्ट लिहिली. झॉम्बी, करवत, मुख्याध्यापकांचं उडालेलं मुंडकं. दोन तास बैठक चालली. वडिलांनी सगळ्यांसमोर त्याच्या मोबाइलमधला गेम काढून टाकला आणि वही फाडली. त्याच आठवड्यात त्याच वर्गातल्या दुसऱ्या मुलाच्या गणिताच्या वहीत, मागच्या पानावर, पेन्सिलीने तीन गोष्टी लिहिल्या होत्या: एका वर्गमित्राचं नाव, शुक्रवार, सायकल स्टँड. शिक्षकांनी ते पान पाहिलं आणि उलटलं. गुरुवारी मधल्या सुट्टीत शेजारच्या बाकावरची मुलगी माझ्याकडे आली. ‘बाई, त्याच्या दप्तरात कटर आहे.’ रुमालात गुंडाळून ठेवलेला होता. तो वर्गमित्र त्याला चार महिने छळत होता, आणि आमच्यापैकी कुणाला पत्ता नव्हता.

अमेरिकेची सीक्रेट सर्व्हिस (राष्ट्राध्यक्षांचं संरक्षण करणारी यंत्रणा) आणि तिथला शिक्षण विभाग यांनी २००२ साली शाळांमधल्या ३७ हल्ल्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ४१ हल्लेखोरांपैकी सुमारे १२ टक्के मुलांनाच हिंसक गेमची आवड होती. स्वतःच्या लिखाणात हिंसा होती ३७ टक्क्यांच्या. म्हणून लिखाण वाचायचंच, पण वाचायचं म्हणजे घाबरायचं नव्हे. आणि ८१ टक्के घटनांत बेत आधीच कुणाला तरी माहीत होता, बहुतेकदा बरोबरीच्या मुलांना. त्या मुलीसारखं सांगायला येणाऱ्याला ‘चहाडखोर’ म्हणू नका.

‘त्याने धमकी दिली का?’ एवढंच विचारून थांबू नका. त्याच अभ्यासात बहुतेक हल्लेखोरांनी ज्याच्यावर हल्ला करायचा त्याला आधी धमकावलंच नव्हतं. तयारी चालू आहे का, ते पाहा.

गेममध्ये चिडून ‘मारून टाकीन’ म्हणणं आणि खऱ्या माणसाच्या घरी जायची वेळ विचारणं, ही एकाच तराजूत घालू नका.

‘गंमत केली’ हे उत्तर ऐकून विषय मिटवू नका. गंमत होती तर शांत झाल्यावर मूल ती मागे घेतं, माफी मागतं. राग तसाच धरून बसलं असेल तर पुढे विचारा.

मरणाबद्दल बोलणाऱ्या मुलाला वेगळ्या फाइलमध्ये टाकू नका. त्या ४१ जणांत आत्महत्येचा विचार किंवा प्रयत्न केलेले ७८ टक्के होते.

नवे सहकारी माझ्याकडे शब्दांची यादी मागतात: कोणता शब्द दिसला की घंटा वाजवायची? अशी यादी मी देत नाही. मी मुलाशेजारी बसते आणि विचारते, ‘पुढे काय होतं?’ गोष्ट रचणारं मूल रंगात येऊन सांगत सुटतं. त्याला अर्धा तास लागतो, आणि तो द्यावाच लागतो. नाव, वेळ आणि हत्यार एकत्र दिसलं तर मात्र गप्पा नाहीत. त्याच तासाला मुख्याध्यापक, दोन्हीकडचे पालक, गरज पडली तर पोलीस, आणि मुलाला क्षणभरही एकटं सोडायचं नाही.

पुरावा फाडू नका, पुसू नका. पान जसंच्या तसं ठेवा, तारीख घाला. त्या झॉम्बीवाल्या मुलाने पुढे वर्षभर कुणालाच काही वाचायला दिलं नाही. त्याच्या मनात काय चाललंय हे कळायची आमच्याकडे तेवढी एकच वाट होती.