फ्लोअरवर हसवायचंय? मग या चुका टाळा

जिम्नॅस्टिक्समध्ये विनोद दोन ठिकाणी चालतो. एक, गुणांसाठी केलेल्या रूटीनमध्ये, म्हणजे ठरवून बसवलेल्या सलग खेळात; फ्लोअरवर, म्हणजे मोकळ्या मॅटवर, तो संगीतावर होतो. दुसरं, स्पर्धा आटोपल्यावरच्या प्रदर्शनात किंवा शाळा-क्लबच्या गॅदरिंगमध्ये. मॅट तीच, खेळाडूही बहुतेक वेळा तीच. पण एकीकडे ज्याला टाळ्या पडतात, त्याचेच दुसरीकडे गुण कापले जातात. बहुतेक चुका या दोन जागांची गल्लत केल्यामुळे होतात. खालचे आकडे आंतरराष्ट्रीय महासंघाच्या महिला आर्टिस्टिक (फ्लोअर, बीम, बार आणि व्हॉल्ट या प्रकारांच्या) नियमावलीतले आहेत. जिल्हा-राज्य पातळीवर आणि लहान वयोगटांत काही बाबी वेगळ्या असतात, तेव्हा आपल्या स्पर्धेचं परिपत्रक आधी वाचा.

स्पर्धेत तोल गेल्याचं सोंग करणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. हसवण्याचा हुकमी मार्ग म्हणजे फजिती: पाय घसरला, हात भिरभिरले, आता पडणार असं वाटलं आणि सावरलं. प्रेक्षकांना सोंग कळतं. पंचांनाही कळत असेल, पण त्यांच्या कागदावर हेतूसाठी रकाना नाही. लँडिंगनंतर, म्हणजे उडीवरून पाय टेकल्यावर, हात जास्तीचे फिरले की ०.१० गुण वजा. तोल सांभाळायला धड हललं की ०.१० किंवा ०.३०. हात मॅटला नुसता लागला तर ०.३०, आणि हातावर भार आला तर ते पडणंच, म्हणजे सरळ १.००. लँडिंगवरून धपकन बसून डोकं खाजवायची कल्पना सरावात कितीही हशा मिळवो, स्पर्धेत ती अख्खा एक गुण खाते.

उपाय असा की गंमत लँडिंगपासून तोडायची. लँडिंग आधी पूर्ण दाखवा: पाय स्थिर, गुडघे सरळ, हात वर. संगीताचा एक ठोका तसंच उभं राहा, म्हणजे पंचांचं त्या घटकाचं लिहून होतं. त्यानंतर नाचाच्या भागात जे करायचं ते करा. शिवाय ती गंमत चुकीसारखी दिसू नये. एक खांदा कोणीतरी दोरीने ओढतंय, पाय मॅटला चिकटलाय, हात मालकाचं ऐकत नाही अशा कल्पना चालतात, कारण त्यांना कोणी लटपट म्हणणार नाही.

बीमवर, म्हणजे उंचावरच्या अरुंद आडव्या पट्टीवर, तर हा प्रयोग नकोच. १० सेंटीमीटर रुंदीवर खरी लटपट आणि खोटी लटपट हुबेहूब सारखी दिसते, आणि वजावट ०.१०, ०.३० किंवा ०.५० अशी वाढत जाते. नखरा करायचाच असेल तर अंग बीमला टेकलेलं असताना करा. मांडी, गुडघा किंवा धड बीमला टेकवून केलेल्या हालचालींची जुळणी रूटीनमध्ये तशीही लागते, नाहीतर त्याचे गुण जातात. तिथे बसून किंवा आडवं होऊन मान, बोटं, भुवया यांचा खेळ करता येतो आणि तोलाचा प्रश्नच उरत नाही.

विनोदाला जादा गुण मिळतील असं समजणं

मिळत नाहीत. सादरीकरणाचे गुण १० पासून सुरू होतात आणि फक्त खाली जातात. हसऱ्या रूटीनचा फायदा इतकाच की कलात्मकतेच्या वजावटी टळू शकतात: शैली किंवा पात्र निभावलं नाही, हालचाल संगीताशी जुळली नाही, रूटीन म्हणजे सुटे सुटे घटक एकामागे एक मांडल्यासारखं वाटलं, वगैरे. इथेच विनोदी रूटीन फसतं. पहिली १० सेकंदं मुलगी झक्कास नखरे करते, मग पहिल्या टम्बलिंगसाठी (धावत जाऊन सलग मारायच्या कोलांट्यांसाठी) कोपऱ्यात जाते आणि चेहरा परीक्षेला बसल्यासारखा होतो. मधली सगळी मिनिटभराची वाट गंभीर, आणि शेवटच्या पोझला पुन्हा डोळा मारणं. यापेक्षा साधं, गंभीर रूटीन जास्त गुण राखतं.

१९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये सोव्हिएत जिम्नॅस्ट ओल्गा कोरबुटला फ्लोअरचं सुवर्ण मिळालं. १९८५ च्या माँट्रियल जागतिक स्पर्धेत तिच्याच देशाची ओक्साना ओमेलियानचिक फ्लोअरची विजेती ठरली. दोघींची रूटीन खट्याळ, पण त्यात सुटे विनोद शोधायला गेलात तर फार सापडणार नाहीत. त्यांचा खट्याळपणा चालण्यात आहे, वळण्यात आहे, कोपऱ्याकडे जाताना मान कशी फिरते त्यात आहे. कोरिओग्राफी बसवताना म्हणून आधी पात्राची चाल ठरवा. घाईत असलेली? रुसलेली? स्वतःवर खूश असलेली? ती चाल कोपऱ्यापर्यंतच्या प्रत्येक पावलात टिकली की विनोद वेगळे पेरावे लागत नाहीत.

कोपऱ्यात मात्र रेंगाळू नका. टम्बलिंगआधी २ सेकंद किंवा जास्त थांबलं की ०.१०, आणि ते दर वेळी. केस सारखे करणं, पंचांकडे बोट हलवणं, खोटा दम टाकणं या कोपऱ्यातल्या लाडक्या गमती याच कात्रीत सापडतात. चार टम्बलिंग असतील तर नुसत्या थांबण्यात ०.४० गेले.

दम नसताना हसू मागणं

वेळ एकूण ९० सेकंदं. तिसऱ्या टम्बलिंगनंतर छाती भात्यासारखी चालत असते. त्या क्षणी बारीक हावभाव ठेवले तर ते हावभाव न दिसता तोंड उघडं टाकून घेतलेला श्वास दिसतो. मुख्य गंमत संगीताच्या आठ-आठ मात्रांच्या पहिल्या दोन तुकड्यांत ठेवा, दुसरी पहिल्या टम्बलिंगनंतर. उत्तरार्धात मोठ्या, सोप्या हालचाली ठेवा: पूर्ण हात, पूर्ण खांदा, आणि जमिनीवर बसून-लोळून करायचा तुकडा, म्हणजे श्वासही मिळतो. सराव कधीही सुट्या नाचाचा करून थांबवू नका. पूर्ण रूटीन, टम्बलिंगसकट, सलग दोनदा करून दुसऱ्या वेळचा व्हिडिओ बघा. दुसऱ्या वेळी जी गंमत उरते ती ठेवा, बाकी काढा.

संगीतातले घोळ

शब्द असलेलं गाणं महिलांच्या फ्लोअरला चालत नाही, १.०० वजा. माणसाचा आवाज वाद्यासारखा, बिनशब्दाचा असेल तर चालतो. त्यामुळे सिनेमातला गाजलेला संवाद, ‘अगं बाई’ सारखा एखादा उद्गार, गाण्याच्या धृपदाची उरलीसुरली ओळ, हे सगळं एडिटिंगमध्ये कापून काढा. मिक्स करणाऱ्याला वाटतं एका शब्दाने काय होतंय. रिदमिक जिम्नॅस्टिक्समध्ये (रिबन, चेंडू, रिंग घेऊन करायच्या प्रकारात) २०१३ पासून शब्दांना वाव मिळाला, तिथली फाइल पाहून फ्लोअरची बनवणारेही भेटतात. तो नियम इकडे लागू नाही.

वेळ संगीताच्या पहिल्या सुरापासून मोजली जात नाही, खेळाडूच्या पहिल्या हालचालीपासून मोजली जाते. सुरुवातीला स्थिर उभं राहून नुसती भुवई उडवली तरी घड्याळ सुरू झालं असं धरा. ९० च्या वर गेलं की ०.१०. संगीत ८६-८७ सेकंदांचं ठेवणं शहाणपणाचं.

आवाजी विनोद (स्प्रिंगचा ‘टॉइंग’, शिट्टी, थप्पड) टम्बलिंगला जोडू नका. लँडिंगवर एक पाऊल जास्त पडलं की खेळाडू अर्धा सेकंद मागे पडते आणि ‘टॉइंग’ रिकाम्या हवेत वाजतो. असे आवाज नाचातल्या तुकड्यावर ठेवा आणि प्रत्येक लँडिंगनंतर चार मात्रांची मोकळी जागा सोडा, म्हणजे मागे पडलेली मुलगी तिथे संगीताला गाठते. शेवटच्या आवाजाबरोबर शेवटची पोझ आली नाही तर तिथेही ०.१० जातात, आणि तो विनोदाचा शेवटचा फटका असेल तर हशाही जातो.

सगळा भार चेहऱ्यावर टाकणं

मॅट १२ बाय १२ मीटर, प्रेक्षक त्याच्याही पलीकडे. डोळा मारलेला पहिल्या दोन रांगांच्या मागे दिसत नाही. पंचही एकाच बाजूला असतात असं नाही. म्हणून चेहऱ्याची प्रत्येक गोष्ट मानेतून आणि खांद्यातून पुन्हा सांगावी लागते: आधी झटकन थांबणं, मग फक्त मान वळवणं, मग खांदे पडणं. तीन हालचाली वेगवेगळ्या, एकात एक मिसळलेल्या नाहीत. मोबाइल हॉलच्या दूरच्या कोपऱ्यात लावून आवाज बंद करून रेकॉर्डिंग बघा. क्लबबाहेरच्या माणसाला काय चाललंय ते कळलं नाही, तर हालचाल छोटी पडली आहे.

पोशाखाचं थोडक्यात: स्पर्धेत विग, लाल नाक, गॅलिस वगैरे काही नको, चुकीच्या पोशाखाला ०.३० आहेत. प्रदर्शनात चालतं, पण उलटं झाल्यावर काय सरकतं ते आधी तपासा. विग डोळ्यांवर येतो, घोळदार झगा हात टेकायच्या जागी पायाखाली येतो, आणि कोचला आधार द्यायला कंबर सापडत नाही. घाम आला की जोकरचा रंग डोळ्यांत उतरतो, म्हणून कपाळ आणि पापण्या कोऱ्या ठेवा. बारवर, म्हणजे आडव्या दांड्यांवर, सैल बाह्या अजिबात नकोत.

प्रदर्शनात: कच्च्या खेळाडूला जोकर करणं

आता गुणांचा प्रश्न नाही, तेव्हा फजितीला पूर्ण मोकळीक. पण ‘हिला फारसं येत नाही, हिला विनोदी भूमिका देऊ’ हा निर्णय उलटा आहे. आपल्या सर्कशीत उडत्या झोपाळ्याच्या शेवटी जोकर येतो, त्याची चड्डी घसरते, तो चुकीच्या वेळी हात सोडतो आणि जाळीत पडतो. ते काम तिथे मुरलेल्या झोपाळेवाल्याकडेच असतं. अमेरिकेत पॉल हंट १९८० च्या दशकात लिओटार्ड (महिला जिम्नॅस्टचा अंगाला चिकटणारा पोशाख) घालून महिलांच्या फ्लोअर, बीम आणि बारवरची विडंबनं करायचा. तो स्वतः कसलेला जिम्नॅस्ट होता, म्हणून बारवरून सुटल्यासारखा सुटून पुन्हा नेमका पकडू शकायचा. जॉर्ज निसेनबरोबर १९३४ मध्ये आयोवात ट्रॅम्पोलिन बनवणारा लॅरी ग्रिसवोल्ड रंगमंचावर पाण्यात सूर मारू न शकणाऱ्या गोंधळ्या माणसाचा खेळ करायचा. त्यातही प्रत्येक घसरण मोजलेली.

निकष साधा ठेवा: जो घटक खेळाडू दहापैकी दहा वेळा नीट करते, त्याचंच बिघडलेलं रूप तिला द्या. बीमवर कोलांटी अजून डगमगत असेल तर बीमवर कोलांटीचा विनोद नाही.

पडायला न शिकवता पाडणं

विनोदी पडण्यात दुखापत होते ती सरळ कोपराने हात टेकल्यामुळे. माणूस घाबरला की हात ताठ होतात. क्रमाने शिकवा. आधी मॅटवर बसल्या जागेवरून मागे लोळणं, हनुवटी छातीला लावून. मग उभं राहून, मग चालता चालता. तळहाताने मॅटवर फटका मारायचा, तो आवाजच प्रेक्षकांना ‘धप्प’ वाटतो, भार मात्र पाठ आणि नितंबांवर जातो. हे जमल्यावर जमिनीवर ठेवलेला बीम, नंतर मॅट रचून उंची कमी केलेला बीम, आणि सगळ्यात शेवटी १२५ सेंटीमीटरचा. खाली २० सेंटीमीटरची लँडिंग मॅट, जोडांमध्ये फट नसलेली. बीमवरून दोन पाय दोन्हीकडे टाकून बसण्याची गंमत टाळलेलीच बरी. प्रेक्षक विव्हळून हसतात, पण ती एकदा चुकली की मुलगी महिनाभर सरावाबाहेर.

व्हॉल्टची (धावत येऊन स्प्रिंगबोर्डवरून टेबल ओलांडायच्या प्रकाराची) ‘धावत येऊन टेबलाला घाबरून थांबणं’ ही गंमत नेहमी चालते, आणि नेहमी स्प्रिंगबोर्डच्या कडेवर घोटा मुरगळतो. थांबायचं असेल त्या धावेला बोर्ड बाजूला काढा. टेबलाखालून सरपटत जायचं असेल तर खालचा मॅट आणि टेबलाचा पाया यांच्यातली जागा आधी अंगाने मोजून घ्या, डोळ्यांनी नव्हे.

एक गोष्ट जवळजवळ सगळेच विसरतात: ज्या खेळात पडणंच विनोद आहे, तिथे खरं लागलेलं कोणाला कळत नाही. प्रेक्षक हसत राहतात, संगीत चालू राहतं. आधीच खूण ठरवा, उदाहरणार्थ दोन्ही हात डोक्यावर फुलीसारखे. ती दिसली की आवाजाच्या टेबलावरचा माणूस संगीत बंद करेल आणि कोच मॅटवर जाईल. ही खूण विनोदात कुठेही वापरायची नाही.

लांबण आणि चुकलेला क्रम

बरोबर कसं दिसतं ते प्रेक्षकांनी आधी पाहिलेलं हवं. दोनदा नीट करा, तिसऱ्यांदा मोडा. पहिल्याच वेळी मोडलं तर जिम्नॅस्टिक्स न कळणाऱ्या पालकांना तेच खरं वाटतं. हशा आला की पुढची हालचाल २-३ सेकंद अडवून धरा. त्यासाठी प्रदर्शनाच्या संगीतात पुन्हा पुन्हा फिरणारा तुकडा ठेवा आणि पुढचा भाग हाताने सोडा. तीन मिनिटांपुढे एकट्याचा खेळ सहसा टिकत नाही. निवेदकाला ‘आता एक गमतीदार प्रकार’ असं म्हणू देऊ नका. नेहमीच्या स्पर्धकासारखं नाव आणि क्लब पुकारावं, बस.

थट्टा हालचालींची असावी. जाड मूल, मुलासारखी मुलगी, समोरच्या क्लबची कोच यांची नक्कल करून मिळालेला हशा दुसऱ्या दिवशी पालकांच्या ग्रुपवर परत येतो.

गटाने करायचं असेल तर ‘वर्ल्ड जिम फॉर लाइफ चॅलेंज’ पाहा, २००९ मध्ये ऑस्ट्रियातल्या डॉर्नबिर्नला सुरू झालेली गटांची स्पर्धा. तिथे गटांना करमणुकीचे गुण खरोखरच असतात, त्यामुळे वर स्पर्धेबद्दल सांगितलेल्या बऱ्याच अडचणी तिथे येत नाहीत.

आणि विनोदी खेळ कार्यक्रमाच्या शेवटी ठेवला असेल तर खेळाडू दोन तास गार बसलेली असते, बहुधा रंग लावून आणि वडापाव खाऊन. पाठीमागे एक मॅट टाका. खेळाच्या १५ मिनिटं आधी मनगटं, घोटे, मान मोकळी करून दोन लोळण्या आणि एक खोटं पडणं करून घ्या. खाणं खेळ झाल्यावर.