बायबलचं पुरातत्त्व शिकताय? मग या चुका टाळा

महिन्यातून एकदा तरी कुणीतरी मला व्हिडिओ पाठवतं: लाल समुद्राच्या तळाशी, मोशेचा पाठलाग करताना बुडालेल्या फारोच्या रथांची चाकं सापडली! खाली हात जोडल्याची तीन चिन्हं आणि "सर, खरंय ना?" मी उलट तीन प्रश्न पाठवतो. कुणी खणलं? मातीच्या कुठल्या थरात सापडलं? वस्तू आज कुठल्या संग्रहालयात आहे, नोंद क्रमांक काय? सहसा बोलणं तिथेच संपतं.

ही सवय मला फजितीनं लागली. पंधराएक वर्षांपूर्वी आमच्या मंडळीच्या तरुण संघात मी याच चाकांवर चाळीस मिनिटं बोललो होतो. प्रोजेक्टर भाड्यानं आणला होता, तोही स्वतःच्या खिशातून. शेवटी मागच्या बाकावरच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी विचारलं, "बाळ, ती चाकं ठेवलीत कुठे? भाचा कैरोला असतो माझा, त्याला बघून यायला सांगते." माझी दातखीळ बसली. रात्री घरी शोधत बसलो. चाक कुठेच नाही. दावा रॉन वायट या अमेरिकी गृहस्थांचा, पेशानं भूल देणारे परिचारक. नोहाचं तारू, कराराचा कोश (दहा आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पेटी), सगळं आपल्यालाच सापडल्याचं ते सांगत. १९९९ मध्ये वारले. कुणाला तपासून बघता येईल असा उत्खननाचा अहवाल नाही. पुढच्या रविवारी उभं राहून सांगावं लागलं की मागच्या खेपेचं सगळं वहीतून खोडा. बाई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार.

आता हेच तीन प्रश्न उत्तर इस्राएलमधल्या 'तेल दान' या टेकाडावर मिळालेल्या शिलालेखाला विचारून बघा. खणणारे अव्राहम बिरान यांचं पथक. पहिला तुकडा १९९३ मध्ये, जुना दगड म्हणून एका भिंतीत बसवलेला. आणखी दोन पुढच्या वर्षी. लिपी-भाषा अरामी, काळ इसवी सनापूर्वीचं नववं शतक, आणि त्यात 'दावीदाचं घराणं' असे शब्द, म्हणजे बायबलमधल्या दावीद राजाचं. दगड यरुशलेमच्या इस्राएल म्युझियममध्ये आहे. त्या वाचनावर वादही झाले, पण वाद घालायला समोर दगड होता.

दुसरी चूक जास्त सभ्य माणसं करतात, म्हणून ती मला जास्त छळते: फुकट मिळालेलं जुनं पुस्तक. पीडीएफ उतरवायची, १९३० च्या दशकातली, आणि तीच प्रमाण मानायची. यरीहोचंच घ्या, बायबलमध्ये जिथली तटबंदी यहोशवाच्या सैन्यासमोर कोसळते ते शहर. जॉन गारस्टँग यांनी तिथे १९३० ते ३६ दरम्यान खणलं आणि पडलेली तटबंदी यहोशवाच्या काळातली ठरवली. प्रवचनांना तेवढं पुरलं, आजही पुरतं. मग १९५२ ते ५८ या काळात कॅथलीन केन्यन यांनी तिथेच पुन्हा खणलं, मातीचे थर सुटे करून, खापरं थरांनुसार लावून. ती तटबंदी त्याहून हजारएक वर्षं जुनी निघाली. ज्यांना हे पटत नाही त्यांनी जरूर वाद घालावा, पण केन्यन वाचून. केन्यन आल्याच नाहीत असं समजून लेख लिहिणाऱ्यांशी मी हुज्जत घालणं सोडलंय.

आणि थर म्हणजे काय, हे शिकायला यरीहोला जावं लागत नाही. केन्यन ज्यांच्या हाताखाली तयार झाल्या त्या मॉर्टिमर व्हीलरांनीच १९४४ मध्ये तक्षशिलेला आपल्याकडच्या मुलांना उत्खनन शिकवलं. तिकडे ज्याला 'तेल' म्हणतात ते म्हणजे आपलं पांढरीचं टेकाड. नेवाशाला किंवा इनामगावला डेक्कन कॉलेजनं काय केलं ते आधी वाचा. खापराची किनार बघून काळ कसा ओळखतात हे कळलं की यरीहोचा वाद निम्मा सुटतो. नवशिक्यांना हे कंटाळवाणं वाटतं. त्यांना थेट कराराचा कोश हवा असतो.

बाकीच्या चुका भराभर सांगतो.

मराठी बायबलमधल्या नावानं शोधू नका. यरीहो म्हणजे तेल एस-सुलतान, दान म्हणजे तेल एल-कादी. टेकाडाच्या नावानं शोधलं की अहवाल येतात, गावाच्या नावानं शोधलं की सहलींच्या जाहिराती.

बाजारातून आलेल्या वस्तूवर जीव लावू नका. वॉशिंग्टनच्या म्युझियम ऑफ द बायबलमधले मृत समुद्राच्या गुंडाळ्यांचे (मृत समुद्राजवळच्या गुहांत मिळालेल्या प्राचीन हस्तलिखितांचे) म्हणून ठेवलेले सोळाच्या सोळा तुकडे २०२० मध्ये बनावट ठरले. अस्सल बघायचे तर लिऑन लेव्ही डिजिटल ग्रंथालयात फुकट बघा, अक्षर न् अक्षर मोठं करून.

एकच पंडित वाचू नका. इस्राएली पुरातत्त्वज्ञांपैकी फिंकेलस्टाईन वाचलात तर अमिहाई मझारही वाचा. दोघांचं इसवी सनापूर्वीच्या दहाव्या शतकावरून, म्हणजे दावीद-शलमोनाच्या काळावरून, जमत नाही. मी दोघांच्या खुणा वेगळ्या रंगाच्या पेन्सिलीनं करतो.

नियतकालिकांत १९७५ पासून निघणारं बिब्लिकल आर्किऑलॉजी रिव्ह्यू वाचायला सोपं, चटकदारही. त्यावर थांबू मात्र नका. इस्राएलच्या पुरातत्त्व खात्याचे उत्खनन अहवाल इंग्रजीत आहेत आणि फुकट आहेत. रुक्ष आहेत, पण मला तेच आवडतात.

सुरुवात कुठून, असं कुणी विचारलं की मी लाखीश सांगतो, यहूदाच्या राज्यातलं तटबंद शहर. इसवी सनापूर्वी ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब यानं ते घेतलं. बायबलमध्ये '२ राजे' या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात लाखीशचं नाव जाता जाता येतं. सन्हेरीबाच्या लेखात यहूदाचा राजा हिज्कीया याला पिंजऱ्यातल्या पाखरासारखं कोंडल्याची बढाई आहे, शेहेचाळीस तटबंद शहरं घेतल्याचाही हिशोब आहे, पण लाखीशचं नाव नाही. ते नाव आहे त्याच्या निनवेच्या राजवाड्यातल्या शिल्पपटावर. तो आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. शिल्पात तटाला भिडवलेला उतार दिसतो, त्यावरून चढणारी यंत्रं दिसतात, आणि बैलगाडीवर बोचकी लादून निघालेली माणसं. तसाच दगडधोंड्यांचा उतार लाखीशला प्रत्यक्ष उभा आहे; डेव्हिड उसिश्किन यांनी तो खणला. चौघांचं चार तऱ्हेचं बोलणं एकाशेजारी एक मांडून एक महिना बसा. त्या महिन्यात मला व्हिडिओ पाठवू नका.