अमेरिकेत हॉटेलात टिप किती आणि कशी द्यायची

मुलाकडे म्हणा, शिकायला म्हणा, अमेरिकेत पहिल्यांदाच जात असाल तर हे आधी वाचा. आपल्याकडे बडीशेपेच्या वाटीत दहा-वीस ठेवले की झालं, पण तिथे तसं करून उठलात तर वेटरच्या पोटावर पाय. फेडरल कायद्याप्रमाणे मालक त्याला तासाला फक्त 2.13 डॉलर देऊ शकतो, हा आकडा 1991 पासून हललेला नाहीये, 7.25 च्या किमान वेतनापर्यंतचे बाकीचे टिपमधून यायचे (कमी पडले तर मालकाने भरायचे असतात, पण मागणार कोण). कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन अशा काही राज्यांत पूर्ण किमान वेतन मिळतं, तरी टिप तिथेही देतातच.

टेबलवर सर्व्हिस असेल तर 18-20 टक्के, टॅक्सच्या आधीच्या रकमेवर. दशांश चिन्ह एक घर डावीकडे घ्या आणि दुप्पट करा, म्हणजे 43.60 चे 4.36, दुप्पट 8.72, झाले 20 टक्के.

कार्ड बऱ्याच ठिकाणी वेटर घेऊन जातो, घाबरू नका, ओटीपी वगैरे काही नसतं, मग तो स्लिप आणतो त्यावर टिपच्या रेघेवर टिप लिहायची, खाली टोटल स्वतः करून लिहायची आणि सही. टोटल कोरी सोडू नका. आणि सहा-आठ जण असाल तर बिलात ग्रॅच्युइटी (म्हणजे टिपच) आधीच लावलीये का ते बघा, नाहीतर दोनदा द्याल.

जेवण उशिरा आलं तर तो राग टिपवर काढू नका, किचनमधला घोळ वेटरच्या हातात नसतो. मला विचाराल तर पगार मालकानेच पूर्ण द्यायला हवा, पण आपण टिप कापून मालकाचं काहीच जात नाही.

काउंटरवर नुसती कॉफी घेतली आणि स्क्रीन तुमच्याकडे फिरवली तर बिनधास्त 'नो टिप' दाबा.

जपानमध्ये टिप ठेवूच नका, परत द्यायला मागे धावत येतील. लंडनला बिलात सर्व्हिस चार्ज असेल तर वर काही नको, ऑक्टोबर 2024 पासून ते पैसे स्टाफलाच द्यावे लागतात. आपल्याकडे मात्र सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे, 2025 मध्ये दिल्ली हायकोर्टानेही तेच सांगितलंय, तेव्हा तो बिलातून काढायला लावा, ऐकलं नाही तर ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 नंबरला फोन, आणि वेटरला द्यायचे ते थेट हातात द्या.