सोलापूरच्या हवेत धिंगरी अळिंबी : आधी जात ठरवा, मग काड भिजवा

धिंगरीची, म्हणजे ऑयस्टर मशरूमची, लागवड शिकवणारे बहुतेक जण ती ज्यावर वाढते त्या काडापासून सुरुवात करतात. मी जातीपासून करतो, कारण सोलापुरात माझ्या काड भरलेल्या पिशव्या वाया गेल्या त्या काडामुळे नव्हे, तर चुकीच्या महिन्यात लावलेल्या जातीमुळे.

पांढरी फ्लोरिडा ही जात दिसायला देखणी आणि चवीला मऊ असते; पण तापमान पंचवीस अंशांच्या खाली राहिले तरच ती मनासारखी फुटते. ‘बारमाही चालते’ या विक्रेत्याच्या शब्दावर विसंबून मी ती पहिल्या वर्षी फेब्रुवारीअखेरीस लावली. अळिंबीचे धागे पसरून पिशव्या पांढऱ्याशुभ्र झाल्या, परंतु मार्चच्या उन्हात टाचणीएवढे कोंब येऊन जागीच वाळू लागले. घाबरून मी पिशव्यांवरच पाणी मारत राहिलो आणि आठवड्यात हिरवी बुरशी धरली. पाणी मारायचे ते जमिनीवर आणि भिंतींना लावलेल्या गोणपाटावर. हवेतली आर्द्रता ८० ते ९० टक्के हवी, पिशवी चिंब नको. शिवाय गोणपाट कितीही भिजवले तरी मार्चमधली खोली डिसेंबरसारखी होत नाही. म्हणून फ्लोरिडा नोव्हेंबर ते जानेवारीतच लावावी.

करड्या रंगाची साजोर-काजू थोडी अधिक उष्णता सोसते. नवख्याने पावसाळा सरताना हिच्यापासूनच सुरुवात करावी, असे माझे ठाम मत आहे. गुलाबी धिंगरी तीस अंशांच्या आसपासही फुटते, त्यामुळे जुलै-ऑगस्टला ती योग्य. मात्र तिचे बियाणे (धान्यावर वाढवलेले अळिंबीचे धागे) फ्रीजमध्ये ठेवू नये, थंडीने ते मरते. एप्रिल-मे महिन्यांत, पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा, कोणतीच जात लावू नये. जुन्या माळवदाच्या घरातली जाड भिंतींची खोली असेल तर हंगाम थोडा लांबतो, एवढेच.

बाकीचे काम सोपे आहे. गव्हाचे काड किंवा ज्वारीच्या कडब्याचे दोन इंची तुकडे रात्रभर भिजवून ८० अंशांच्या पाण्यात तासभर ठेवावेत. मग ते निथळून थंड करावेत. मुठीत दाबल्यावर तळवा ओलसर व्हावा, थेंब पडू नये. ओल्या काडाच्या वजनाच्या २ ते ३ टक्के बियाणे थराथराने घालून, छिद्रे पाडलेली पिशवी अंधारात ठेवावी. साधारण पंधरा ते वीस दिवसांत ती पांढरी होते. मग उजेड आणि भरपूर खेळती हवा द्यावी. देठ लांब आणि छत्री बारीक दिसली, तर हवा कमी पडते आहे असे समजावे.

छत्रीची कड वर वळण्याआधीच तोडणी करावी. उशीर झाला की बीजाणूंची धूळ उडते, आणि बंद खोलीत त्या धुळीने खोकला लागतो. मी तोंडाला रुमाल बांधल्याशिवाय आत जात नाही. गुलाबी जातीचा टवटवीतपणा लवकर उतरतो आणि शिजवल्यावर रंगही फिका पडतो. म्हणून ती सकाळी तोडून त्याच दिवशी विकावी किंवा घरी कांदा-लसणाच्या फोडणीत नीट शिजवून खावी.