व्हिडिओ बघून कोडिंग शिकताय? या चुका टाळा

जुलैतली संध्याकाळ, पाऊस धो धो, लाइट कधी जाईल नेम नाही. शेजारची मुलगी छत्रीखाली लॅपटॉप सांभाळत आमच्या पडवीत आली. "काका, व्हिडिओत चलता, माज्याकडे चलना नाय."

कुडाळात बसून पुण्यातल्या कंपनीचं काम करतो म्हटल्यावर अशी गिऱ्हाइकं येतातच. तिने आकडा ओळखायचा खेळ लिहिला होता. पायथन या प्रोग्रामिंग भाषेचं रँडम मॉड्यूल (तयार कोडची फाइल) घ्यायचं, त्यातल्या रँडइंट या फंक्शनने १ ते १०० मधला एक आकडा काढायचा, बस्स. तीनदा ताडून बघितलेला कोड, अक्षर न अक्षर तोच. तरी एरर येत होता: मॉड्यूल अर्धवट लोड झालंय, त्यात रँडइंट नाही.

कोडात काही चूक नव्हतीच. तिने फाइल सेव्ह केली होती रँडम डॉट पीवाय या नावाने. पायथन मॉड्यूल शोधताना आधी स्क्रिप्टच्या फोल्डरमध्ये बघतो, मग स्वतःच्या लायब्ररीत, म्हणजे सोबत आलेल्या तयार कोडात. त्याला पहिल्यांदा तिचीच फाइल सापडली. नाव बदललं, खेळ सुरू. (३.१३ आवृत्तीपासून पायथन स्वतःच 'फाइलचं नाव बदलून बघा' असं सुचवतो. तिच्याकडे जुनी होती.)

सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. आपण कोड बघतो आणि त्याच्या आजूबाजूचं सोडून देतो. फाइलचं नाव, फोल्डर, टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) कुठे उघडलंय, हे शिकवणारा बोलत नाही, कारण त्याच्या हाताला सवय झालेली असते. यूट्यूबवर व्हिडिओ थांबवून कीबोर्डवरचं पूर्णविरामाचं बटण दाबा, एकेक फ्रेम पुढे सरकते, स्वल्पविरामाने मागे. क्षणभर चमकून गेलेलं टॅबवरचं नाव असं वाचता येतं.

दुसरी चूक व्हिडिओची तारीख न बघण्याची. देवगडचा माझा भाचा घरच्या हापूसच्या पेट्यांचा हिशेब पांडाजमध्ये, म्हणजे पायथनच्या तक्ते हाताळणाऱ्या लायब्ररीत, ठेवायला गेला. रोजची ओळ जोडायला त्याने डेटाफ्रेमवर, म्हणजे पांडाजच्या तक्त्यावर, अपेंड वापरलं आणि 'असं काही नाहीच' म्हणून एरर. व्हिडिओ चुकीचा नव्हता, जुना होता. अपेंड पांडाज २.० मध्ये, म्हणजे एप्रिल २०२३ ला काढून टाकलं. आता कॉन्कॅट वापरायचं. रिअ‍ॅक्टचंही, म्हणजे वेबपानं बनवायच्या लायब्ररीचंही, तेच: २०२१ च्या व्हिडिओतला रिअ‍ॅक्टडॉम डॉट रेंडर डिसेंबर २०२४ च्या १९ व्या आवृत्तीत उरलेलाच नाही. म्हणून व्हिडिओवाल्याने वापरलेली आवृत्ती आधी वहीत लिहा आणि शिकण्यापुरती तीच आपल्या मशीनवर इन्स्टॉल करा. पायथनमध्ये त्यासाठी वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (लायब्ररींचा स्वतंत्र कप्पा) करा, म्हणजे बाकीच्या कामांना धक्का लागत नाही.

एरर आला की फक्त शेवटची ओळ वाचून घाबरू नका. चूक काय ते शेवटच्या ओळीत असतं, पण कुठे ते त्याच्या वर. ओळीचा नंबर बघा. मदत मागतानाही सगळा एरर पाठवा, मोबाइलने काढलेला तिरका फोटो नको.

आता खरं दुखणं. बांधावर उभं राहून खाडीत पाग टाकणारा बघा. जाळं कसं छान गोल उघडतं, वाटतं आपल्यालाही जमेल. हातात घेतलं की गोळा होऊन पाण्यात पडतं. व्हिडिओतही तसंच, शिकवणाऱ्याचे गोळे एडिटिंगमध्ये कापलेले असतात. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर प्रयोग केला होता. उतारा पुन्हा वाचणारे ५ मिनिटांनी पुढे होते, पण आठवड्याने न बघता आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकलं. दहा मिनिटं बघा, व्हिडिओ बंद करा, कोऱ्या फाइलीत लिहा. अडलात तर तेवढंच बघा. दुप्पट वेगाने बघायला माझी हरकत नाही, पण ते उजळणीला.

परवा दिवसभर नेटवर्क नव्हतं, तेव्हा त्या मुलीने तोच खेळ व्हिडिओशिवाय लिहिला. बरोबर आकडा दिला तरी तो 'पुन्हा ओळखा' म्हणत राहतो, संपतच नाही. इनपुटमधून आकडा येत नाही, मजकूर येतो; तो इंटमध्ये, म्हणजे पूर्णांकात, बदलायचा राहिलाय. मी मुद्दामच तिला सांगितलेलं नाही.