समुद्रावरचे चार दिवस, घरचं जेवण आणि आपली माणसं: या चुका टाळा

समुद्राकाठी चार दिवस राहून आम्ही परतत होतो. गाडीत मावशी सहज म्हणाली, "पाण्यात पाय भिजवायचे राहूनच गेले बघ." सुरात तक्रार नव्हती, म्हणून ते जास्त लागलं. आम्ही अकरा जण होतो. तिन्ही वेळचं गरम खाणं सगळ्यांना वेळेवर मिळालं होतं. ते कोण करत होतं आणि खिडकीतून किती वेळा समुद्राकडे बघत होतं, हे एकाच्याही लक्षात आलं नव्हतं.

तेव्हापासून निघण्याआधी मी कागद घेऊन बसते आणि मागच्या खेपेला काय चुकलं ते लिहून काढते. बहुतेक चुकांचं मूळ एकच निघतं: घरचं वेळापत्रक आपण जसंच्या तसं समुद्रावर घेऊन जातो. तेच नाश्त्याचे आणि जेवणाचे ठोके, ओट्यापाशी तेच एक माणूस.

घड्याळ घरचं, दिवस समुद्राचा

आंघोळी, नाश्ता, आवराआवर होऊन मंडळी वाळूवर पोचतात तेव्हा अकरा वाजलेले असतात. नेमकी हीच वेळ टाळायला हवी. ऊन किती कडक आहे ते कळायला आपली सावली पुरते. ती आपल्या उंचीहून आखूड झाली की अतिनील किरण जोरात आहेत असं समजावं आणि आडोशाला जावं. ढग आले म्हणून निर्धास्त राहू नका, पातळ ढगांतून बरेचसे किरण खाली येतातच. शिवाय कोरडी वाळू सुमारे १५ टक्के आणि लाटांचा फेस सुमारे २५ टक्के किरण परत वर फेकतो, म्हणून छत्रीखाली बसलेल्याचीही हनुवटी आणि मान भाजते. वाऱ्यामुळे चटका जाणवत नाही, तो संध्याकाळी जाणवतो.

सनस्क्रीनच्या बाबतीत आकड्यापेक्षा प्रमाणात जास्त चुकतं. एसपीएफ (उन्हापासून संरक्षणाचा आकडा) ३० असलेलं क्रीम यूव्हीबी, म्हणजे त्वचा भाजवणाऱ्या अतिनील किरणांपैकी साधारण ९७ टक्के अडवतं आणि एसपीएफ ५० असलेलं ९८ टक्के. म्हणजे फरक एका टक्क्याचा. पण बहुतेक जण लावायला हवं त्याच्या निम्मंही लावत नाहीत आणि एकदा लावलं की दिवसभर विसरतात. दर दोन तासांनी, आणि पाण्यातून बाहेर आल्यावर अंग पुसून लगेच, पुन्हा लावायचं. कान, पावलांची वरची बाजू आणि गुडघ्यांची मागची बाजू हमखास राहते.

दुसरं घड्याळ भरती-ओहोटीचं. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, त्यामुळे भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. काल चारला जिथे चटई टाकली होती तिथे आजही कोरडं असेल, असं धरून चालायचं नाही. पाणी चढतंही एकसारखं नाही. चढायला लागणाऱ्या सहा तासांपैकी पहिल्या तासात ते एकूण चढाच्या जेमतेम बाराव्या हिश्शाइतकं वर येतं आणि मधल्या दोन तासांत निम्मं. पहिला तास बघून "अजून बराच वेळ आहे" म्हणणारे इथेच फसतात. आम्ही फसलो आहोत. खडकांपलीकडच्या छोट्या पुळणीवर गप्पा रंगल्या आणि परतताना आजीला दोन्ही बाजूंनी धरून कमरेएवढ्या पाण्यातून आणावं लागलं. ती हसत होती, पण तिचे हात थरथरत होते, ते मी विसरलेले नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी नेहमीपेक्षा वर येतं. निघण्याआधी त्या दिवसाच्या भरतीच्या वेळा बघून घ्या आणि सगळ्यांना दिसतील अशा लिहून ठेवा.

आता आमचा दिवस असा असतो: उजाडल्याबरोबर समुद्र, ऊन चढलं की घर, दुपारी स्वयंपाक, जेवण आणि झोप, ऊन उतरल्यावर पुन्हा समुद्र. न्याहारी पाण्यातून आल्यावर. सुरुवातीला घरातल्या मोठ्यांना हे पटत नव्हतं, पण सकाळी सात वाजताचा रिकामा किनारा एकदा बघितल्यावर कुणी वाद घातला नाही.

म्हाताऱ्या माणसांना बरोबर नेताना आणखी एक ध्यानात ठेवा. कोरड्या भुसभुशीत वाळूत चालायला, कडक जमिनीवर त्याच वेगाने चालण्यापेक्षा दुपटीहून जास्त ताकद लागते. "इथून पन्नास पावलांवर तर आहे" असं आपण म्हणतो, त्यांना तो चढ वाटतो. पाण्याजवळची ओली, घट्ट वाळू त्यांच्यासाठी बरी. तिथपर्यंत जाण्याची वाट सगळ्यांत कमी कोरड्या वाळूतून जाईल अशी जागा निवडा.

स्वयंपाकाच्या दोन टोकांच्या चुका

एक टोक म्हणजे मावशीचं. सुट्टी आहे, सगळे जमलेत, म्हणून रोज दोन भाज्या, तळण, गोड. भाड्याच्या घरातल्या अनोळखी ओट्यावर, बोथट सुरीने आणि दोनच पातेल्यांत हे करायचं म्हणजे दिवस संपला.

दुसरं टोक म्हणजे कंटाळून पाकिटांवर राहणं. घामाने आणि वाऱ्याने तोंड खारट-चटकदार मागतं आणि पाकिटं भराभर रिकामी होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार मोठ्या माणसाच्या पोटात दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ जावं, म्हणजे सपाट भरलेल्या एका छोट्या चमच्याहून कमी. खारट पाकिटं आणि सॉस मिळून हा हिशेब दुपारपर्यंतच पुरा होतो. मग तहान लागते, ती गोड पेयांनी भागवली जाते आणि तिसऱ्या दिवशी मुलं जेवायला नको म्हणतात. पोट बिघडलं की समुद्रही नकोसा होतो.

मधला मार्ग आम्हाला तीन सहलींनंतर सापडला. दिवसातून एकदाच चूल पेटते, दुपारी. एका मोठ्या पातेल्यात डाळ किंवा कडधान्य आणि भाज्या एकत्र शिजतात, बरोबर भात किंवा उकडलेले बटाटे. संध्याकाळी नुसती मांडामांड करायची: उकडलेली अंडी, चिरलेल्या भाज्या, फळं, दही. मसाले घरूनच कोरडे मिसळून छोट्या डब्यांत भरलेले असतात. पालेभाज्या धुऊन पूर्ण कोरड्या करून आणलेल्या असतात, म्हणजे वाळूच्या हातांनी धुवायला नकोत. चिरलेल्या भाज्यांवर मीठ-लिंबू ताटात वाढतानाच घाला. आधी घातलं की मीठ पाणी ओढून घेतं आणि तासाभरात सगळं लोळागोळा होतं. स्वतःची एक धारदार सुरी आणि एक मोठं पातेलं घरून न्याच. पोचल्यावर सामान उघडण्याआधी शेगडी, गॅस आणि फ्रिज चालू आहे का ते बघून घ्या. खाऱ्या हवेत लोखंडी तवा एका रात्रीत गंजतो, वापरून झाला की पुसून तेलाचा हात फिरवून ठेवावा.

मासे घेणार असाल तर डोळे स्वच्छ आणि फुगीर, कल्ले लाल, बोटाने दाबलेला भाग लगेच वर येणारा, आणि वास समुद्राचा. तव्याला मासा चिकटतो तो बहुधा ओला असतो म्हणून. तुकडे पुसून कोरडे करा, तवा नीट तापू द्या आणि उलटण्याची घाई करू नका. खालची बाजू झाली की तो आपणहून सुटतो. जास्त शिजवला तर चिवट, कोरडा होतो. मध्यभागी मांस पांढरं होऊन काट्याने पापुद्रे सुटू लागले की उतरवायचा.

उन्हातला डबा

ही चूक सगळ्यांत शांतपणे होते. सकाळी प्रेमाने केलेला भात डब्यात भरून किनाऱ्यावर नेला जातो, दीड वाजता उघडला जातो, उरलेला रात्री गरम करून खाल्ला जातो. आमच्याकडे एकदा एका रात्रीत पाच जण आजारी पडले, त्यांत दोन लहान मुलं.

कारण असं की ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. भाताचं आणखी वेगळं आहे. बॅसिलस सेरेयस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते जागे होतात आणि त्यांतून तयार होणारं, उलट्या घडवणारं विष पुन्हा उकळलं तरी जात नाही. "खळखळून गरम केलं की झालं" ही समजूत इथे चालत नाही. उरलेला भात पसरट ताटात घालून लवकर थंड करा आणि फ्रिजमध्ये ठेवा, किंवा टाकून द्या. बांगडा, ट्यूना, तारली अशा माशांतही असंच असतं. ते उन्हात राहिले की हिस्टामाइन नावाचं बाधणारं रसायन तयार होतं आणि शिजवल्याने ते नष्ट होत नाही. खाल्ल्यावर तोंड लाल होणं, अंगावर पुरळ येणं, डोकं ठणकणं ही त्याची लक्षणं.

किनाऱ्यावर न्यायचंच असेल तर आइस बॉक्स दोन ठेवा, एक पाण्याच्या बाटल्यांचा आणि एक खाण्याचा. पाण्याचा सतत उघडला जातो, खाण्याचा बंद राहून थंड राहतो. बर्फाच्या खड्यांपेक्षा गोठवलेल्या मोठ्या बाटल्या जास्त वेळ टिकतात, आणि वितळल्या की प्यायला होतात. कच्चं मांस-मासे त्यात ठेवूच नका.

पाण्यातल्या चुका

इथे मला लांबण लावायची नाही, पण एकही ओळ गाळू नका.

लाटा फुटताहेत आणि मध्येच एक पट्टा शांत, गडद दिसतोय, म्हणून मुलांना तिथे सोडलं जातं. तो बऱ्याचदा रिप करंट असतो, किनाऱ्याकडून आत वाहणारा अरुंद प्रवाह. तो सेकंदाला दोन मीटरपेक्षाही वेगाने वाहू शकतो, म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्यापेक्षा जलद. त्यात सापडलात तर सरळ किनाऱ्याकडे पोहू नका, दमून जाल. हा प्रवाह खाली ओढत नाही, बाहेर नेतो. तरंगत राहा, हात वर करा, आणि जमत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत त्यातून बाजूला व्हा. कुणी सापडलेलं दिसलं तर मागोमाग उडी घेऊ नका. तरंगणारं काहीतरी फेका आणि जीवरक्षकाला बोलवा. जीवरक्षक असलेल्या बहुतेक किनाऱ्यांवर लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधला भाग पोहण्याचा असतो आणि नुसता लाल झेंडा असेल तर पाण्यात जायचं नसतं.

बुडणारं मूल बहुतेक वेळा ओरडत नाही, कारण श्वासच घेता येत नसतो. "आम्ही सगळे तिथेच होतो" या वाक्यात धोका आहे. सगळे असतात तेव्हा प्रत्येकाला वाटतं दुसरं कुणी बघतंय. आम्ही वीस-वीस मिनिटांच्या पाळ्या लावतो. पाळी असलेल्याच्या हातात फोन नाही, पुस्तक नाही, आणि लहान मूल हाताच्या अंतरावर. हवा भरलेली खेळणी जीव वाचवायची साधनं नाहीत, वारा त्यांना आत नेतो. वाळूत खोल खड्डा खणून मुलांनी त्यात उतरणं फार धोक्याचं, भिंती एका क्षणात ढासळतात. सगळ्यांत लहान मुलाच्या गुडघ्यापेक्षा खोल नको.

जेवून पोहल्याने माणूस बुडतो या समजुतीला मात्र भक्कम पुरावा नाही. भरल्या पोटी जड वाटतं, एवढंच. दारू पिऊन पाण्यात जाणं हा खरा धोका आहे आणि त्याबद्दल घरात मोकळेपणाने बोललं जात नाही.

झालंच तर

त्वचा भाजली असेल तर गार पाण्याच्या पट्ट्या, भरपूर पाणी आणि दोन दिवस सावली. बर्फ थेट लावू नका, फोड फोडू नका. जेलीफिश लागला तर चोळू नका आणि गोडं पाणी ओतू नका. समुद्राच्याच पाण्याने धुऊन, चिकटलेले तंतू चिमट्याने काढून, ४५ अंशांच्या आसपासच्या सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग वीसेक मिनिटं ठेवावा. श्वास लागला किंवा सूज पसरली तर थेट डॉक्टर. पायांची वाळू निघत नसेल तर कॉर्नफ्लोअर किंवा टाल्कम पावडर चोळा, ओल शोषली गेली की वाळू आपोआप झडते. शेकोटीचे निखारे वाळूखाली पुरून निघून जाणं टाळाच. वरून काही दिसत नाही, आत ते तासन् तास धगधगत राहतात आणि दुसऱ्या दिवशी कुणाचं तरी अनवाणी मूल त्यावर पाय ठेवतं. पाणी ओतून, ढवळून, पुन्हा पाणी ओता.

सगळ्यांनी सगळं एकत्र करायचा हट्ट

आमच्याकडची जुनी सवय: निघायचं तर अकराच्या अकरा जणांनी. मग एकाची चप्पल सापडेपर्यंत दहा जण दारात, आणि निघेपर्यंत निम्मे वैतागलेले. आता दिवसातली दोनच कामं सगळ्यांनी मिळून होतात, दुपारचं जेवण आणि सूर्यास्त. बाकी वेळ ज्याचा त्याचा. पंधरा वर्षांच्या भाच्याला एकटं बसायचं असेल तर बसू देतो, तो रात्री आपणहून गप्पांत येतो. सूर्य बुडाला की लगेच उठायची घाईही सोडून दिली आहे. त्यानंतरची वीस-पंचवीस मिनिटं आकाश रंग बदलत राहतं आणि आमच्या घरातल्या खऱ्या गप्पा त्याच वेळात होतात, कारण कुणाचा चेहरा नीट दिसत नसतो.

ओट्याची पाळी रोज दोघांची, नावं आदल्या रात्री ठरतात, त्यात मुलगेही येतात आणि काकाही. पहिल्या दिवशी डाळ खाली लागली. मावशी उठायला लागली तेव्हा आजीने तिचा हात धरून तिला खाली बसवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी किनाऱ्यावर गेले तर मावशी आधीच घोटाभर पाण्यात उभी होती, चपला हातात घेऊन. न्याहारीला काय आहे असं मी विचारलं. तिला ठाऊक नव्हतं.